मुलाखती अचानक लवकर संपू लागल्या तर आधी वयं तपासा

मोबाइलवर सर्वेक्षण करणाऱ्या टीमचं प्रशिक्षण चांगलं झालेलं असतं. सगळ्यांना फॉर्म उघडता येतो, जतन करता येतो, पाठवता येतो. पहिल्या दोन दिवसांचा डेटा बघून समाधान वाटतं. मग चौथ्या-पाचव्या दिवशी सर्व्हरवरून यादी उतरवून घेतली की जाणवतं, मुलाखती फारच लवकर संपतायत. रिकामी जागा कुठेच नाही, सगळे फॉर्म पूर्ण भरलेले. फक्त लहान मुलांचा भाग जितक्या घरांत उघडायला हवा तितक्या घरांत उघडलेलाच नाही.

घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणांसाठी मी टीम तयार करते, आणि हा दोष मला इतक्या वेळा भेटलाय की आता मी त्याची वाटच बघत असते. सुरुवातीला मी दर वेळी अ‍ॅपवर संशय घ्यायचे. नंतर काही काळ सर्वेक्षकांच्या कामचुकारपणावर घेतला. दोन्ही निदानं अपुरी होती, आणि त्यामुळे उपायही लागू पडले नाहीत. दुसऱ्या फेरीत तोच दोष परत आला.

दोष दिसतो कुठे

वयोगटांच्या तक्त्यात तो दिसणार नाही. 0 ते 4, 5 ते 9 असे गट पाडले की बरंच काही झाकलं जातं. घरातल्या सगळ्या माणसांची वयं एकेका वर्षाने मोजा: 0 वर्षाची किती, 1 ची किती, 2 ची किती, असं थेट साठपर्यंत. कागदावर उभ्या रेघा मारल्या तरी चालेल. मग तीन जागी बोट ठेवून बघा: 4 आणि 5, 14 आणि 15, 49 आणि 50. शेवटच्या दोन जोड्या फक्त बायकांच्या वयांवर मोजा.

या तीनच जागा का, हे सर्वेक्षणाच्या रचनेतून येतं. बहुतेक आरोग्य सर्वेक्षणांत दोन लांबलचक भाग असतात, पाच वर्षांखालच्या मुलांचा आणि 15 ते 49 वयाच्या स्त्रियांचा. घरातल्या यादीत एखादीचं वय 15 लिहिलं की तिची पूर्ण मुलाखत उघडते, 14 लिहिलं की उघडत नाही. मुलाचं वय 4 असेल तर लसीकरण, आजारपण, आहार, वजन, उंची सगळं विचारायचं. 5 असेल तर फोन सरळ पुढे जातो. सर्वेक्षकांच्या भाषेत, ‘स्किप बसतो’.

वयं अशी सीमेपलीकडे सरकण्याचा अनुभव कागदी फॉर्मच्या काळापासूनचा आहे. 1984 मध्ये सुरू झालेल्या डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण मालिकेतही तो वारंवार नोंदला गेलाय. मोबाइलने एवढंच केलं की प्रत्येक उत्तराची किंमत सर्वेक्षकाला ताबडतोब दाखवायला सुरुवात केली. कागदावर पुढची पानं उलटावी लागायची. इथे एक आकडा टाकला की पुढचे पंचवीस प्रश्न येतात, दुसरा टाकला की येत नाहीत. दोन दिवसांत हे बोटांनाही पाठ होतं.

आधी फोन तपासून मोकळे व्हा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण टाळू नका. कारण इथेच खोट निघाली तर माणसांवर उगाच आळ येतो.

अट बरोबर लिहिलीय का ते बघा. ‘5 पेक्षा कमी’ आणि ‘5 किंवा त्यापेक्षा कमी’ यांत एक पूर्ण वर्षाची मुलं आत-बाहेर होतात. काही ठिकाणी वय महिन्यांत असतं आणि अट वर्षांत लिहिलेली असते. जन्मतारखेवरून वय काढत असाल तर प्रत्येक हँडसेटची तारीख तपासा. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला जुना फोन कधीकधी भलतीच तारीख घेऊन सुरू होतो आणि त्या दिवशीची सगळी वयं चुकतात. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू ठेवा. दिवसांना 365.25 ने भागून वय काढण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण नेमक्या वाढदिवसाच्या दिवशी ती एक वर्ष कमी दाखवू शकते. त्यापेक्षा पूर्ण झालेले महिने मोजा, पाच वर्षांखालचं मूल म्हणजे 0 ते 59 महिने. आणि सगळ्यांकडे फॉर्मची एकच आवृत्ती आहे ना, हेही बघून घ्या.

एवढं ठीक असेल तर दोष फोनमध्ये नाही.

आता तीन कारणं वेगळी करा

5 वर्षांची मुलं जास्त दिसली म्हणजे कुणीतरी चोरी केली, असा निष्कर्ष घाईत काढू नका. तिथे गर्दी व्हायला तीन वेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण चालू वयाचं. ‘पाचवं लागलं’ म्हणजे चार पूर्ण झाली, पाचवं वर्ष चालू आहे. आई बरोबरच सांगते. सर्वेक्षक ‘पाच’ हा शब्द ऐकतो आणि 5 लिहितो. यात कुणाचाच हेतू वाईट नाही. याची खूण 4-5 च्या सीमेवर नसते, ती 1 वर्षाच्या रकान्यात असते. तान्ह्या बाळाचं वय लोक महिन्यांत सांगतात, म्हणून 0 चा आकडा बरोबर येतो. पुढे मात्र ‘दुसरं चालू आहे’ सुरू होतं आणि ते मूल 2 मध्ये जाऊन बसतं. 1 च्या जागी खड्डा पडलेला दिसला तर सर्वेक्षकांना ‘पूर्ण झालेली वर्षं’ ही गोष्ट नीट शिकवली गेलेली नाही. हा दोष सहसा पहिल्या दिवसापासूनच असतो आणि बऱ्याच सर्वेक्षकांत थोडाफार सापडतो.

दुसरं कारण गोळाबेरीज वयाचं. वय नक्की माहीत नसलं की माणूस शेवटी 0 किंवा 5 येणारा आकडा सांगतो. तीस, पस्तीस, चाळीस. हे मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. 23 ते 62 या वयांत 0 आणि 5 ने संपणारी वयं किती जास्त आली ते त्यात बघतात. 100 आलं तर गोळाबेरीज नाही, आणि सगळीच वयं 0 किंवा 5 ने संपणारी असली तर 500. असं होत असेल तर 5 आणि 50 वर उंचवटा दिसेल, पण तसाच तो 30 वर, 35 वर, 40 वरही दिसेल.

तिसरं कारण वाट आखूड करण्याचं, म्हणजे पुढचे प्रश्न टळतील असं वय लिहिण्याचं. इथे 5 वर आणि 50 वर गर्दी होते, जी गोळाबेरजेतही होते. म्हणून या दोन जागांवरून काही ठरवता येत नाही. ठरतं ते 14-15 वर. लोक वय गोळाबेरीज करून सांगत असते तर 15 वर्षांच्या मुली जास्त दिसल्या असत्या आणि 14 च्या कमी. चालू वय सांगत असते तरी 14 ची मुलगी 15 मध्ये गेली असती. दोन्ही कारणं आकडा वर ढकलतात. ‘14 जास्त, 15 कमी’ असं उलटं चित्र फक्त एकाच कारणाने तयार होतं, 15 लिहिलं तर काम वाढतं म्हणून. माझ्या दृष्टीने या सगळ्या तपासणीतला सर्वांत उपयोगी तक्ता हाच, आणि तो बनवायला पाच मिनिटं लागतात.

एक सावधगिरी. एका सर्वेक्षकाच्या चार दिवसांच्या डेटात 14-15 वर्षांच्या मुली मोजक्याच येतात. तेवढ्या आकड्यांवरून एखाद्याला बोलावून जाब विचारणं अन्यायाचं आहे. आधी पूर्ण टीमचं चित्र बघा, मग गटाचं, आणि व्यक्तीबद्दल काही म्हणायचं तर तिच्याबरोबर एक दिवस घरोघर जा.

दारात काय घडतं

मी अशीच एकदा गेले होते. चौथा दिवस, दुपार, त्या दिवसातलं सातवं घर. सर्वेक्षक मुलगी हुशार, प्रशिक्षणात पहिल्या तिघांत असलेली. दारात आई, तिच्या पदराला धरून एक मुलगा. ओळख, संमती, सगळं व्यवस्थित झालं. यादी सुरू झाली. नवरा, सासू, मोठी मुलगी यांची वयं तिने विचारली, ‘किती वर्षं पूर्ण झाली?’ अगदी शिकवल्याप्रमाणे. मुलाजवळ आली तेव्हा तिने मुलाकडे एकदा बघितलं आणि आईला म्हणाली, ‘हा पाच वर्षांचा ना, ताई?’

आई म्हणाली, ‘हो, पाचच.’

5 लिहिलं गेलं. पुढचा भाग उघडला नाही. मी मध्ये पडले नाही. मुलाखत संपल्यावर आईकडे मुलाचं लसीकरण कार्ड मागितलं. जन्मतारखेवरून हिशेब केला तर मुलगा चार वर्षं तीन महिन्यांचा.

बाहेर आल्यावर ती मुलगी रडवेली झाली. म्हणाली, ‘मॅडम, मी मनाने नाही लिहिलं. त्याच हो म्हणाल्या.’ आणि ते खरंच होतं. तिने काही खोटं लिहिलेलं नव्हतं. मोठ्यांच्या बाबतीत प्रश्न उघडा होता, मुलाच्या बाबतीत तो वाकला आणि उत्तर त्याच्यातच आलं. समोरच्या बाईला पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नव्हतं, तिने मान डोलावली.

त्या दिवसापासून माझं निदान बदललं. वाट आखूड करणारे बहुतेक सर्वेक्षक बनावट आकडे टाकत नाहीत. ते प्रश्न वाकवतात, आणि कित्येकदा आपण वाकवतोय हे त्यांनाही कळत नाही. आपलं प्रशिक्षण मात्र सगळं स्क्रीनवर असतं. कुठलं बटण, कुठला स्वाइप, कुठे सेव्ह. तोंडातून बाहेर पडणारं वाक्य कुणी ऐकतच नाही.

फॉर्ममधली दुरुस्ती

वयाच्या आधी जन्माचा महिना आणि वर्ष विचारा, शक्य तिथे लसीकरण कार्ड किंवा जन्मदाखला बघून. नंतर पूर्ण झालेलं वय वेगळं विचारा आणि दोन्ही जुळत नसतील तर फोनने सूचना द्यावी. ही सूचना सौम्य असू द्या. पुढे जाऊच न देणारी सक्तीची अट घातली तर थकलेला माणूस अट पास होईल असा कुठलातरी आकडा टाकून मोकळा होतो, आणि मग तो आकडा चुकीचा आहे हे ओळखायला काही खूणच उरत नाही. एक्सएलएसफॉर्ममध्ये, म्हणजे एक्सेलच्या तक्त्यात मोबाइल फॉर्म लिहिण्याच्या पद्धतीत, ‘कन्स्ट्रेंट’ ही अट सक्तीचीच असते, म्हणून सौम्य इशाऱ्यासाठी वेगळी नोंद लिहून तिला अट लावावी लागते.

यादी पूर्ण झाल्याशिवाय पुढचा कुठलाही भाग उघडू देऊ नका. एकेक माणूस टाकला की लगेच त्याचे प्रश्न, अशी रचना असेल तर दुसऱ्या मुलाचं वय लिहिताना पहिल्या मुलाचे पंचवीस प्रश्न डोळ्यांसमोर ताजे असतात. ‘ही स्त्री मुलाखतीस पात्र आहे’ असे संदेशही यादीच्या स्क्रीनवर दाखवू नका.

ओडीके कलेक्ट आणि त्यावर आधारलेल्या कोबोकलेक्ट या डेटा गोळा करायच्या अ‍ॅपमध्ये ऑडिट नावाची सोय आहे. कोणता प्रश्न किती वाजता उघडला आणि किती वाजता सोडला याची नोंद फोन स्वतः ठेवतो. त्यातच ‘ट्रॅक चेंजेस’ चालू केलं तर बदललेल्या उत्तराचं आधीचं आणि नंतरचं मूल्यही मिळतं. एका फॉर्मच्या नोंदीत मला असं सापडलं होतं: वय 4, मुलाचा भाग उघडला, मागे गेले, वय 5, फॉर्म पूर्ण. असं एकदा दिसलं तर ती खरीखुरी दुरुस्तीही असू शकते, आईला मागाहून आठवलं असेल. पण एकाच व्यक्तीकडे वारंवार दिसू लागलं तर तिच्याबरोबर बसायलाच हवं. ही सोय चालू आहे हे टीमला प्रशिक्षणातच स्पष्ट सांगा. लपवून पाळत ठेवली की विश्वास तुटतो, आणि विश्वास तुटलेली टीम आपल्याला तिच्या अडचणी सांगत नाही.

प्रशिक्षणातली दुरुस्ती

खरा बदल इथे हवा, आणि तो मी बऱ्याच उशिरा केला.

पहिल्या दिवशी सकाळी फोन वाटणं बंद केलं. एकदा फोन हातात आला की सगळ्यांच्या माना खाली जातात, त्या शेवटपर्यंत वर येत नाहीत. पहिला दीड दिवस फक्त छापील प्रश्नावली, समोरासमोर बसून, मोठ्याने. प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. तिसरा माणूस बाजूला बसून फक्त ऐकतो आणि वाक्य बदललं की हात वर करतो. सुरुवातीला सगळे हसतात, पण दुपारपर्यंत प्रत्येकाला आपण प्रश्न कुठे वाकवतो ते कळलेलं असतं. एखादी ‘ताप आला नव्हता ना?’ असं म्हणते, एखादा ‘लसी सगळ्या झाल्यात, बरोबर?’ असं विचारतो. ‘ना’ आणि ‘बरोबर?’ या दोन शेपट्या कापायला मी सर्वांत जास्त वेळ देते.

मग एक ठरलेली मुलाखत. आई मी होते, बाकी सगळे एकाच वेळी आपापल्या फोनवर माझी उत्तरं नोंदवतात. माझ्या उत्तरांत मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. ‘धाकट्याला पाचवं लागलंय.’ ‘मोठी चौदा-पंधराची असेल.’ ‘माझं वय? मुलगी झाली तेव्हा मी वीसची होते.’ बरोबर उत्तरं माझ्याकडे लिहून ठेवलेली असतात. नंतर सगळ्यांचे फॉर्म पडद्यावर एकाखाली एक लावायचे. एकाच आईचे वीस फॉर्म आणि धाकट्याचं वय काहींत 4, काहींत 5, हे दिसलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ‘चौदा-पंधरा’वर थांबून जन्मसाल विचारलं कुणी, आणि न विचारता 14 टाकलं कुणी, हेही तिथेच दिसतं.

तारीख माहीतच नसते तेव्हा काय करायचं याचा सराव वेगळा घ्या. त्या भागातल्या सगळ्यांना आठवतील अशा घटनांची यादी आधी तयार ठेवा: मोठा पूर, निवडणूक, शाळेची इमारत झाली ते साल. ‘त्याच्या आधी की नंतर?’ आणि ‘तेव्हा चालायला लागला होता का?’ एवढ्या दोन प्रश्नांनी वर्ष बऱ्यापैकी जवळ येतं.

शेवटचा दिवस प्रत्यक्ष वस्तीत, पण नमुन्यात नसलेल्या घरांत. आणि त्या दिवशी घरं मोजू नका. ‘आज प्रत्येकाने पाच घरं’ असं एकदा म्हटलं की टीम घाईच शिकते.

काम सुरू झाल्यावर

पर्यवेक्षकाने दर दोन दिवसांनी प्रत्येक सर्वेक्षकाच्या एका घरी पुन्हा जाऊन फक्त माणसांची यादी पुन्हा विचारावी. पाच-सात मिनिटांचं काम. फोनवरची जुनी यादी आधी बघायची नाही. नंतर दोन्ही याद्या सर्वेक्षकासमोर ठेवून बोलायचं, टीमसमोर नाही. या भेटीत वयाखेरीज आणखी एक गोष्ट पकडली जाते: यादीतून सुटलेली माणसं. वय सरकवण्यापेक्षा माणूसच न लिहिणं सोपं, आणि सुटतात ती बहुधा तान्ही बाळं, कामासाठी राहणारे, वृद्ध. सर्वेक्षकवार घरटी सरासरी माणसं काढली तर त्याचाही अंदाज येतो.

मोबदल्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. फॉर्मप्रमाणे पैसे दिले आणि चार मुलांचं घर, एकट्या म्हातारीचं घर दोन्हींना सारखेच दिले, तर आपणच आखूड वाटेला बक्षीस देतोय. शक्य असेल तर दिवसाप्रमाणे द्या. ते आपल्या हातात नसेल तर निदान दिवसाची घरं किती यावर वरची मर्यादा घाला आणि मोठं घर दोन घरांसारखं मोजा.

हीच खोट दुसऱ्या दारांनीही आत येते. ‘गेल्या दोन आठवड्यांत बाळाला जुलाब झाले का?’ याला ‘हो’ आलं की उपचाराचे प्रश्न सुरू. त्यामुळे प्रत्येक सर्वेक्षकाच्या ‘हो’ उत्तरांचं प्रमाण दिवसावार लावा. पहिल्या दिवसापासून सहाव्यापर्यंत ते सगळ्यांचंच हळूहळू खाली येत असेल आणि वस्ती तीच असेल, तर आजार कमी झालेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास पुन्हा छापील प्रश्नावली घेऊन बसा, ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसासकट.

गोळा झालेल्या डेटाचं काय

ऑफिसात बसून वयं दुरुस्त करू नका. 5 वर जास्तीची मुलं आहेत हे खरं, पण त्यांतलं नेमकं कुठलं मूल चारचं होतं हे तक्त्यावरून कळत नाही, आणि वय बदललं तरी न विचारलेली लसीकरणाची, आहाराची उत्तरं काही येत नाहीत. यादीत 5 किंवा 6 वर्षं लिहिलेली मुलं, 14 वर्षांच्या मुली आणि 50-51 च्या बायका ज्या घरांत आहेत त्यांची यादी काढा. टीम अजून त्याच भागात असेपर्यंत त्या घरी परत जा, शक्यतो दुसऱ्या सर्वेक्षकाला घेऊन, आणि वय विचारायच्या आधी कार्ड मागा. जिथे परत जाणं जमलं नाही तिथला एकेक वर्षाचा वयांचा तक्ता जसाच्या तसा अहवालाला जोडा. जी उत्तरं विचारलीच गेली नाहीत त्यांचा आकडा लसीकरणाच्या टक्क्याशेजारीच छापला गेला पाहिजे, कारण तो टक्का वाचून कुणीतरी लसींचा साठा ठरवणार असतं.